जतचं पाणी, शिराळ्याचा साबण

व्हॉट्सअॅपवर आलेला निरोप संयोगितानं गोठ्यात उभ्याउभ्याच तीनदा ऐकला. म्हशीची धार अर्धवट राहिली होती, चरवी तशीच हातात होती.

“अक्का, ज्ञानू बोलतोय जतवरनं. राग मानू नका, पर तुमच्या साबणाला फेस येत न्हाई. नुसता पांढरा चोथा येतोय. गिऱ्हाईक चार दिस गप बसलं, आता बोलाय लागलंय.”

खाली एक व्हिडिओ होता. वाटीत ब्रश गरागरा फिरत होता आणि वाटीच्या कडेला नासलेल्या दुधासारखं काहीतरी जमत होतं. ब्रश वर उचलला की त्यातून पाणी टपटप गळत होतं. साबण तिचा होता, डबीवरचं लेबल तिनंच हातानं चिकटवलेलं होतं. फेस मात्र तिच्या ओळखीचा नव्हता.

धार पुरी करून ती घरात आली. उदयसिंह, तिचा नवरा, ओसरीवर आरसा मांडून दाढीच करत होता. त्याच्या गालावर त्याच साबणाचा फेस होता, दाट आणि बसका, ताज्या लोण्यासारखा. तिनं त्याच्या गालावरचा बोटभर फेस उचलला आणि चिमटीत दाबून बघितला.

“काय झालं?” तो म्हणाला.

“काय न्हाई.”

“काय न्हाई तर माझा गाल कशाला वरबाडतीस?”

तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. उदयसिंहानं व्हिडिओ पुरता बघितला, वस्तरा पाण्यात झटकला आणि म्हणाला, “तुझ्या साबणात खोट न्हाई.” एवढं बोलून तो दुसऱ्या गालाकडं वळला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. तिच्या दृष्टीनं तो आत्ता कुठं सुरू झाला होता.

संयोगिताला बसून राहणं कधी जमलंच नव्हतं. लग्न होऊन शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेकाठच्या या गावात ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा सैन्यात. वर्षातून दीड महिना घरी, बाकीचा सारा काळ कुठंतरी बर्फात नाहीतर वाळूत. त्या बावीस वर्षांत तिनं गोठा बांधून घेतला, सासऱ्यांचं आजारपण काढलं, एकुलत्या मुलीला, प्रियदर्शनीला, इंजिनिअर केलं आणि ट्रॅक्टर चालवायलाही शिकली. वाट बघायची म्हणजे हाताला काम हवं, नाहीतर डोकं फिरतं, असं तिचं म्हणणं होतं. सहा वर्षांपूर्वी उदयसिंह हवालदार म्हणून निवृत्त होऊन कायमचा घरी आला. वाट बघणं संपलं, पण हातांना लागलेली ती चाळवाचाळव काही गेली नाही.

दाढीचा साबण तिच्या हाती लागला तोही त्यातूनच. उदयसिंहाला रोज सकाळी दाढी लागायची, सुट्टी असो वा सणवार. तीही वाटीत ब्रश घोळवून. त्याचा नेहमीचा गोल साबण मिळेनासा झाला आणि तो ट्यूबमधलं क्रीम लावायला लागला. पण रोज तोंड वाकडं. “दात घासल्यावानी वाटतंय,” म्हणायचा. त्याच वर्षी बचत गटाच्या बायकांना अंघोळीचा साबण करायचं प्रशिक्षण मिळालं. बाकीच्यांनी कडुलिंबाचा, हळदीचा साबण केला. संयोगितानं विचारलं, दाढीचा कसा करायचा? बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शिकवणाऱ्या बाईंनी मात्र नीट सांगितलं, की त्याला खोबरेल कमी, मेणासारखे स्टिअरिकचे दाणे जास्त, एरंडेल थोडं, आणि तेलाचा साबण करणारं जहाल कॉस्टिकही दोन जातींचं लागतं. पातेल्याचे दहा घाणे वाया गेले. अकराव्या घाण्याचा साबण लावून उदयसिंह अर्धा तास आरशापुढून उठला नाही.

ज्ञानूची गाठ पडली ती सांगलीतल्या प्रदर्शनात. तिथं उदयसिंह स्टॉलपुढच्या खुर्चीवर बसायचा, संयोगिता घरून आणलेल्या पाण्यात फेस करून त्याच्या गालाला लावायची आणि लोक गोळा व्हायचे. दुसऱ्या दिवशी साठीचा एक किरकोळ अंगाचा माणूस पुढं आला, तिच्या हातातला ब्रश त्यानं मागून घेतला आणि स्वतः चार वेळा फिरवला. मनगट असं वळलं की तो न्हावी आहे हे सांगायची गरजच उरली नाही.

“लय वर्सांनी असा फेस बघितला,” तो म्हणाला होता. “माझं जतला दुकान हाय. आणि तिघं दोस्त हायती माझे. आमच्या चौघांचं मिळून सा डझन द्या.”

तीच सहा डझन आता चोथा होऊन बसली होती.

दुपारपर्यंत संयोगितानं घरात शिल्लक असलेल्या नऊ डब्या उघडून प्रत्येकीचा फेस काढून बघितला. सगळ्यांना तो आला. वजनं लिहिलेली वही काढली, तारखा ताडून बघितल्या. स्टिअरिकची पिशवी हुंगली. खोबरेलाच्या डब्यात बोट बुडवून चाटलं. मग ज्ञानूला फोन लावला.

“साबण गार पान्यात भिजवला हुता का, अण्णा?”

“गार, गरम, कोमट, समद्यात भिजवला.”

“ब्रश जुना असंल.”

“नवा आनला, अक्का. तुमच्या साबणासाठी नवा आनला.” मग तो हळूच म्हणाला, “ती तिघं मला हसत्यात. एकानं आमच्या ग्रुपवर टाकलं, बचत गटाचा माल असाच असतो म्हनून. मी जामीन राहिलोय तुमचा, म्हनून वाईट वाटतंय.”

त्या बोलण्यानंतर ती दिवसभर आतबाहेर करत राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं. उदयसिंह म्हणाला, “डब्या परत घे आणि गप बस. इथं खपत्यात तेवढ्या खपू देत.”

“डब्या परत घीनच. पर का येत न्हाई ते तर कळाय पायजे.”

“मग मी येतो संगं.”

“नगं. म्हशी कोन बघनार?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती निघाली. पिशवीत दोन डब्या, आपला ब्रश, भाकरी आणि घरच्या पाण्याची दोन लिटरची बाटली. इस्लामपूरला गाडी बदलली, सांगलीला बदलली. मिरज मागं पडलं तसा ऊस संपला आणि द्राक्षाचे मांडव लागले. कवठेमहांकाळच्या पुढं मांडवही विरळ झाले. उघडी माळरानं, बाभळी, खडकाळ पांढरी माती आणि लांबवर मेंढरांचा एक कळप. गाडीतल्या कुणी खिडकीबाहेर बघत नव्हतं. संयोगिता मात्र बघत होती. तिचं माहेर साताऱ्याकडचं, पण माण तालुक्यातलं. अशीच माती, अशाच बाभळी. लहानपणी डोईवरून न्हाऊन उठलं की केस दोरीसारखे चिकट व्हायचे. तूरडाळ तासभर शिजली तरी दाताखाली यायची, आणि आई म्हणायची, पाणी जड आहे. अठ्ठावीस वर्षं शिराळ्याकडच्या झऱ्याच्या पाण्यात काढली आणि ते सगळं ती विसरून गेली होती. पाण्याचंच तर नसेल, असा विचार मनात आला, पण तिनं तो बाजूला सारला. डाळीचं वेगळं, साबणाचं वेगळं, असं तिनं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात जतचा स्टँड आला.

ज्ञानूचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, बाकड्यावर तीन माणसं. ती आत शिरली तशी बोलणी थांबली. बाई मुलाचे केस कापायला घेऊन येते, एकटी येत नाही. ज्ञानूनं हातातली कात्री खाली ठेवली आणि बाकड्यावरच्या एकाला उठवून तिला जागा दिली.

“बसा अक्का. च्या सांगतो.”

“बसाय न्हाई आले अण्णा. वाटी द्या.”

त्यानं वाटी दिली आणि नळ सोडून पाणी भरून दिलं. संयोगितानं साबणावर ओला ब्रश फिरवायला सुरुवात केली. रोज फिरवायची तसाच. सुरुवातीचे मोठे बुडबुडे आले आणि लगेच फुटले. तिनं वेग वाढवला. वाटीच्या कडेला पांढरट कण गोळा व्हायला लागले. पाणी थोडं घातलं तर सगळं पातळ झालं, साबण वाढवला तर कण वाढले. तिचं मनगट भरून आलं. आरशात तिला मागच्या माणसांचे चेहरे दिसत होते. कुणी हसत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

खुर्चीत आकाराम नावाचे एक म्हातारे धनगर बसले होते, गळ्यापर्यंत टॉवेल गुंडाळून. ते म्हणाले, “राहू दे लेकी. ह्या पान्यात कपडं निघत न्हाईत, तिथं माझी दाढी काय निघतीया?”

ज्ञानू म्हणाला, “तसं न्हवं काका. ट्यूबचं क्रीम चालतंय की ह्याच पान्यात.”

“ते चालतंय, पर त्येला फेस म्हनत्यात व्हय?”

संयोगितानं ब्रश ठेवला. पिशवीतली बाटली काढून तिनं दोन घोट पाणी घेतलं आणि तिसरा घोट घेता घेता ती थांबली. बाटलीकडं बघितलं. मग ब्रश बेसिनवर नेऊन बाटलीतलंच पाणी ओतून खळखळून धुतला, दुसरी वाटी मागून घेतली आणि त्याच साबणाच्या दुसऱ्या डबीवर तो फिरवायला लागली.

दहा-बारा फेऱ्यांत बुडबुडे बारीक झाले. मग दिसेनासे झाले. वाटीत पांढरा, घट्ट फेस उभा राहायला लागला, आणि ब्रश उचलला तेव्हा त्याचं टोक वळून तसंच राहिलं. बाकड्यावरचा एक माणूस उठून जवळ आला. ज्ञानूनं बोटानं फेस घेतला, अंगठ्यावर चोळला आणि ब्रश हातात घेतला. आकारामांच्या गालांना फेस लावून त्यानं अर्ध्या पात्याचा वस्तरा वरून खाली ओढला. आवाजसुद्धा झाला नाही.

“सांगलीतबी ह्येच पानी हुतं तुमचं,” तो म्हणाला.

“व्हय. घरनंच नेलं हुतं.”

तिच्या अंगातला ताण एकदम उतरला. खोट साबणात नव्हती. तिनं ते सगळ्यांदेखत दाखवून दिलं होतं. ज्ञानूनं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पण वस्तरा पुसता पुसता त्यानं जे विचारलं, त्यानं सगळा आनंद जागच्या जागी बसला.

“मग अक्का, आता आमी काय करायचं? तुमचं पानी रोज यायचं हाय का हितं?”

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. साबण चांगला होता, पण ज्या गावात तो विकला होता त्या गावात तो निरुपयोगी होता. म्हणजे चांगला कसा? ती बाकड्यावर बसली, लगेच उठली आणि दारापर्यंत जाऊन परत आली.

“अण्णा, एक कॅन मिळंल का? वीस लिटरचा. तुमच्या नळाचं पानी भरून द्या.”

ज्ञानू म्हणाला, “हे बोअरचं हाय. प्याय न्हाई चालत.”

“मला प्याय नगंच हाय.”

कॅन घेऊन ती गाडीत चढायला लागली तेव्हा कंडक्टरनं अडवलं. “मावशी, तेलबिल असंल तर न्हाई चालनार.”

“पानी हाय.”

“कुठं चाललाय?”

“शिराळ्याला.”

कंडक्टरनं झाकण उघडून वास घेतला, एक थेंब जिभेला लावून बघितला आणि तिच्याकडं नीट बघितलं. “जतचं पानी शिराळ्याला?”

“व्हय.”

“आमच्याकडं टँकर यायचा तवा चार-चार दिस थांबाय लागायचं,” तो म्हणाला, “आणि तुमी हितलं पानी वर घिऊन चाललाय.” त्यानं मान हलवली, पण कॅन उचलून ड्रायव्हरच्या मागं ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंह आरशापुढं बसला तेव्हा त्याच्या वाटीत जतचं पाणी होतं. फेसाच्या जागी कण आले. त्यानं तक्रार केली नाही, तसंच लावलं आणि दाढी केली. पातं दोनदा अडकलं आणि हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ उमटली. ती समोरच उभी होती.

तुरटीचा खडा फिरवत तो सहज म्हणाला, “जैसलमेरला असंच व्हायचं.”

“काय असंच व्हायचं?”

“फेस न्हाई यायचा. टँकरचं पानी. साबणाचा असाच कचरा व्हायचा वाटीत. आमी दातओठ खाऊन खरडायचो. आणि वर बर्फात पोस्टिंग असली की बर्फ वितळवून पानी करायचो, त्येला मात्र हा ढीगभर फेस.”

संयोगितानं कमरेवर हात ठेवले. “आणि हे तुमी आत्ता सांगताय?”

“तू कुठं विचारलंस?”

“मी व्हिडिओ दावला तवा तुमाला आठवलं न्हाई?”

“मला वाटलं, पोस्टिंगचं ते पोस्टिंगचं,” तो म्हणाला. “मी तरी तिकडचं किती इकडं आनतो?”

रागावून ती गोठ्याकडं गेली खरी, पण तिकडं जाऊन आपलंही तेच झालं हे तिला कबूल करावं लागलं. माणचं पाणी तीही कुठं घेऊन आली होती?

त्याच आठवड्यात दोन बाटल्या भरून ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गेली. तिथं पल्लवी नावाची चाळिशीकडं झुकलेली एक तंत्रज्ञ होती. तिनं दोन्ही बाटल्यांतलं पाणी काचेच्या भांड्यांत घेऊन नळीतून थेंब थेंब काहीतरी सोडलं. शिराळ्याच्या पाण्याचा रंग सातव्या-आठव्या थेंबालाच बदलला. जतच्या पाण्यात थेंब पडत राहिले, पडत राहिले.

“काकू, तुमच्या झऱ्याच्या पाण्याचा जडपणा चाळीस आहे,” पल्लवी म्हणाली. “ह्या दुसऱ्याचा नऊशे वीस. प्यायला सहाशेच्या वर चालत नाही. यात चुना खूप आहे. साबण आधी त्या चुन्याला धरतो, त्याचाच तुमचा चोथा होतो. सगळा चुना संपला की मग कुठं फेस. शाळेत शिकलोय की आपण, दुष्फेन पाणी.”

संयोगिताला तो शब्द आठवला. सातवीत असताना तिनं तो पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता आणि घरी येऊन त्याच पाण्यानं हातपाय धुतले होते. वहीतला शब्द आणि घागरीतलं पाणी एकच आहे असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

“मग ट्यूबचं क्रीम कसं चालतं त्यात?”

“त्यात चुना धरून ठेवणारं काहीतरी घातलेलं असतं. मी आत्ता नळीतून सोडलं ना, तसलं.” पल्लवीनं हात पुसले. “लिंबाच्या सतातही थोडा तो गुण असतो. पण मला साबण येत नाही हां काकू, मी फक्त पाणी मोजते.”

लिंबाचं सत किराणा दुकानात मिळतं. संयोगितानं परतीच्या वाटेवरच ते घेतलं आणि घरी पोचल्यावर लुगडं न बदलता पातेलं चुलीवर चढवलं. किलोभर तेलाला वीस ग्रॅम सत. साबण शिजला, पण वळला नाही. लोण्यासारखा मऊ राहिला, बोटाला तेलकट लागायला लागला, आणि फेस तर झऱ्याच्या पाण्यातसुद्धा मेला. म्हणजे आता तो शिराळ्यालाही चालणार नव्हता आणि जतलाही नाही.

तो सगळा दिवस तिनं घराला फेऱ्या मारल्या. सत आंबट, कॉस्टिक जहाल. दोन्ही एका पातेल्यात गेले की एकमेकाला खात असणार, आणि मग तेलाला कॉस्टिक कमी पडत असणार, एवढं तिच्या ध्यानात आलं. किती कमी पडतं ते कुणाला विचारायचं हे ध्यानात येईना. शेवटी तिनं स्वयंपाकघरातला इलेक्ट्रिक काटा पुढं ओढला आणि पाच छोटे घाणे लावले. सत तेवढंच, नेहमीच्या मापावर किलोमागं आठ ग्रॅम कॉस्टिक जास्त, दहा, बारा, चौदा, सोळा. रबरी हातमोजे, डोळ्यांवर उदयसिंहाचा मोटारसायकलचा चष्मा. घरभर असा वास सुटला की शेजारची हरणाबाई दारात येऊन काय जळतंय म्हणून बघून गेली.

आठ आणि दहाचा तेलकट निघाला. चौदा-सोळाचा जिभेच्या टोकाला लावला तर झिणझिण्या आल्या. बाराचा जिभेला लागला नाही आणि तेलकटही नव्हता.

शिजवलेला साबण दुसऱ्या दिवशीही वापरता येतो, पण त्याचा खरा फेस कळायला तीन-चार आठवडे मुरू द्यावा लागतो. हे तिनं गटातल्या बायकांना दहा वेळा सांगितलं होतं. स्वतःला मात्र सांगता येईना. पहिल्याच सकाळी तिनं वडीचा कोपरा कापला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी उदयसिंह म्हणाला, “रोज तेच काय बघतीस? झाड उपटून मूळ बघितल्यावानी करतीस.”

“गाल द्या.”

“सकाळीच केली की दाढी.”

“एकाच गालाची केली. डावा राहिलाय.”

खरंच डावा राहिला होता. त्या महिन्यात त्याच्या उजव्या गालाची दाढी सकाळी व्हायची आणि डाव्याची दिवस कलताना, म्हणजे दोन साबण एकाच दिवशी ताडून बघता यायचे. गावात लोक विचारायचे, हवालदार, अर्धीच का? तो म्हणायचा, ड्युटी हाय. गाल लाल झाले, मानेवर पुरळ आलं, तरी त्यानं खुर्ची सोडली नाही. एकदा पुरळावर खोबरेल लावताना तिचेच हात थांबले. “पुरं का?” तिनं विचारलं. “कॅन संपला का?” त्यानं विचारलं. कॅनमध्ये चार बोटं पाणी शिल्लक होतं. “मग पुरं न्हाई,” तो म्हणाला.

सव्विसाव्या दिवशी जतच्या पाण्यात फेस उभा राहिला. झऱ्याच्या पाण्यातल्यासारखा नव्हे. साबण दीडपट लागला, ब्रश दुप्पट फिरवावा लागला, आणि टोक वळून उभं न राहता हळूहळू खाली बसलं. पण चोथा आला नाही, आणि पातं अडकलं नाही.

ती दुसऱ्यांदा जतला गेली ती दोन डझन डब्या घेऊन. या वेळी दुकानात शिरल्यावर कुणाची बोलणी थांबली नाहीत. ज्ञानूनं नळाच्या पाण्यात ब्रश बुडवला आणि बराच वेळ फिरवत राहिला. दुसऱ्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावर फेस लावून त्यानं वस्तरा ओढला. मग उलट्या बाजूनं ओढला. अंगठा फिरवून बघितलं.

“बरं हाय,” तो म्हणाला.

“बरं म्हंजी?”

“लय भारी न्हाई. त्या दिशीच्या बाटलीतला फेस मी बघितलाय, तसा न्हाई. पर रोजच्याला चालंल.” तिच्या चेहऱ्याकडं बघून तो पुढं म्हणाला, “अक्का, चाळीस वर्सं मी ह्या पान्यात काम करतोय. ह्यात साबणाचा एवढा फेस मी बघितला न्हवता. तुमी नाराज का हुताय?”

त्याच्या तिघा दोस्तांपैकी एकानं आठ डब्या ठेवून घेतल्या. दुसरा म्हणाला, एकदा तोंड भाजलंय, आता नको. ग्रुपवर टाकणारा तिसरा आलाच नव्हता, त्यानं डब्या ज्ञानूकडं पाठवून दिल्या होत्या. जुन्या डब्या, वापरलेल्या धरून, तिनं सगळ्यांच्या परत घेतल्या आणि पिशवीत भरल्या.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली होती आणि सांगलीपर्यंतचं तिकीट काढलेलं होतं. बरं हाय, रोजच्याला चालंल. हे चांगलंच होतं. घरी सांगण्यासारखं होतं. पण तिचे हात मांडीवर स्थिर राहत नव्हते. जतमध्येच प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं असणार. कवठेमहांकाळचं वेगळं, आटपाडीचं वेगळं. सत वीस ग्रॅमच्या जागी पंचवीस घातलं तर? की स्टिअरिक कमी करून खोबरेल वाढवावं? उदयसिंहाच्या मानेवरचं पुरळ आत्ता कुठं बसलं होतं. निदान पंधरा दिवस तरी त्याला सोडायचं, असं तिनं निघताना ठरवलं होतं.

कवठेमहांकाळला गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरून चहाला गेला. स्टँडसमोर रस्त्यापलीकडं एक सलून होतं, दारात निळी पाण्याची टाकी, आत एक तरुण न्हावी कुणाचे तरी केस कापत होता. संयोगिता दोन मिनिटं त्या टाकीकडं बघत बसली. मग पिशवी उचलली आणि खाली उतरली.

“बाई, गाडी सुटंल,” टपरीवरून कंडक्टर म्हणाला.

“सुटू दे. मागनं दुसरी हाय न्हवं?”

रस्ता ओलांडून ती सलूनच्या दारात उभी राहिली. न्हाव्यानं मशीन बंद केलं. खुर्चीतल्या माणसानं आरशातूनच तिच्याकडं बघितलं. तिनं पिशवीतली रिकामी बाटली काढली.

“जरा पानी भरून घीऊ का?”

“घ्या की. पर मावशी, ते टाकीचं हाय, प्याचं आत माठात हाय.”

“टाकीचंच पायजे,” ती म्हणाली, आणि त्यानं पुढं काही विचारायच्या आत तिनं तोटी सोडली.